जॉर्जियाच्या डोंगरात जेवायला बसताना: निखारे, खिंकाली आणि मागवण्याचा क्रम

राजधानी तिब्लिसीहून डोंगरातल्या कझबेगी गावाकडे जाणाऱ्या सहलींमध्ये दुपारचं जेवण बहुतेक वेळा एकाच पद्धतीने फसतं. गाडी तीन वाजता थांबते. सगळ्यांना कडकडून भूक लागलेली असते. मेन्यू कार्डात पदार्थांची भलीमोठी जंत्री असते आणि आठ जणांचं टेबल एका दमात पंधरा-वीस गोष्टी सांगून मोकळं होतं. आधी येतात दोन जंगी खाचापुऱ्या. चीज भरलेले हे पाव खाऊन पोटं तट्ट होतात, आणि ज्यासाठी एवढं वर चढून आलो ते निखाऱ्यावरचं मांस टेबलावर येतं तेव्हा त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. यात स्वयंपाक्याचा काही दोष नाही. ऑर्डर देतानाच सगळं बिनसलेलं असतं.

कॉकेशस पर्वतातल्या गावांमधल्या अशा साध्या रेस्टॉरंटांत आणि गेस्टहाउसांत नीट कसं जेवायचं, याची ही पायरीपायरीने माहिती. भर मुख्यतः तिब्लिसी ते स्तेपान्त्समिंदा या रस्त्यावर आहे, कारण आपले बहुतेक लोक तिथेच जातात. स्वानेती, तुशेती आणि राचा हे डोंगरी प्रांत पुढे ओघाने येतीलच.

पहिली पायरी: कुठे थांबायचं आणि किती वाजता

तिब्लिसी ते स्तेपान्त्समिंदा (जुनं नाव कझबेगी, अजूनही सर्रास वापरलं जाणारं) हे अंतर सुमारे १५० किलोमीटर. वाटेत झिनवालीचा जलाशय आणि अनानुरीचा किल्ला लागतो. पुढे पसनौरी, मग स्कीइंगसाठी प्रसिद्ध असलेलं गुदौरी, मग जवळजवळ २,४०० मीटरवरची ज्वारी खिंड, आणि खिंड उतरलं की १,७४० मीटरवर स्तेपान्त्समिंदा.

यातलं पसनौरी लक्षात ठेवा. पांढरी आरागवी आणि काळी आरागवी या दोन नद्यांचा इथे संगम होतो, दोन रंगांचं पाणी काही अंतर शेजारी-शेजारी वाहताना दिसतं, म्हणून बसगाड्या फोटोसाठी थांबतात. पण गावाचं खरं नाव आहे ते खिंकालीसाठी. रश्श्यासह मांस भरलेला हा उकडलेला पदार्थ मूळचा याच डोंगराळ पट्ट्यातला, म्हणजे म्तिउलेती, प्शावी आणि खेवसुरेती या भागांतला. तेव्हा खिंकाली पसनौरीत खावी आणि निखाऱ्यावरच्या मांसासाठी पोटात जागा ठेवून वर जावं. दोन्ही एकाच टेबलावर उरकायची घाई कशाला?

वेळेचं म्हणाल तर बारा-साडेबाराला बसा, नाहीतर सरळ चारनंतर. एक ते तीनच्या मधे सहलीच्या गाड्या एकामागोमाग एक येतात. त्या वेळी स्वयंपाकघर आधी मोठ्या गटांचं उरकतं आणि शेगडीवरच्या माणसाला निखारे नीट पडेपर्यंत थांबायची सवडच राहत नाही. वर मुक्काम असेल तर सगळ्यात उत्तम संध्याकाळ, पण फार उशीर करू नका. लहान गावांतली स्वयंपाकघरं लवकर आवरतात, हंगाम संपत आला की तर आणखीच लवकर.

शिवाय हाच रस्ता पुढे लार्सीच्या रशियन सीमेला जातो. मालवाहू ट्रकांची रांग लागली की वेळेचं गणित कोलमडतं, हिवाळ्यात हिमकडे कोसळण्याच्या भीतीने खिंड बंदही होते. पिशवीत सुका मेवा किंवा पाव असू द्या, म्हणजे भुकेपोटी समोर दिसेल त्या पहिल्या ठिकाणी शिरावं लागत नाही.

ठिकाण निवडताना मी तीन गोष्टी बघतो: बाहेर स्थानिक नंबरच्या गाड्या किंवा ट्रक उभे आहेत का, मागच्या बाजूला लाकडं रचलेली आहेत का, आणि मेन्यू कार्ड छोटं आहे का. ज्या डोंगरी रेस्टॉरंटात पिझ्झा, सुशी आणि कुब्दारी (मांस भरलेला डोंगरी पाव) एकाच पानावर आहेत तिथे चहा प्यावा आणि उठावं. कझबेक शिखर समोर दिसणाऱ्या गच्च्यांचंही तेच. शिखर पाच हजार मीटरहून उंच आहे, ढग हटले तर नजर ठरत नाही, पण बिलात त्याचे पैसे असतात आणि मांस भाजण्याशी त्याचा काहीही संबंध नसतो.

आणि राहायला गेस्टहाउसमध्ये असाल तर प्रादेशिक पदार्थांसाठी बहुधा तेच सर्वांत चांगलं रेस्टॉरंट. फक्त सकाळीच सांगून ठेवावं लागतं. संध्याकाळी सात वाजता येऊन काय आहे खायला असं विचारलं तर तुम्हाला तळलेले बटाटे मिळतील, आणि त्यात घरच्या बाईची काही चूक नाही.

दुसरी पायरी: बसण्याआधी शेगडी बघा

निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाच्या तुकड्यांना इथे म्त्सवादी म्हणतात. लांब सळईत ओवलेलं मांस, बरोबर मीठ, बस. दह्यातुपात मुरवणं नाही, लाल मसाला नाही. म्हणून दोनच गोष्टींवर सगळं ठरतं: मांस आणि आग. मांस तुम्हाला आधी बघता येत नाही, आग बघता येते.

काखेतीसारख्या द्राक्षांच्या प्रदेशात द्राक्षवेलींची छाटणी केलेल्या काटक्या जाळतात. त्या भडाभडा पेटतात, पटकन निखारा होतात, धग जोरदार देतात आणि लवकर विझतातही. उंच डोंगरात द्राक्षवेल होत नाही, तिथे बीचसारखं कठीण लाकूड किंवा सरळ कोळसा वापरतात. काहीही असो, खूण एकच. मांस चढवलं आहे आणि खाली पिवळी ज्वाळा दिसते आहे, तर तिथे घाई चालली आहे. बाहेरून काळं आणि आतून कच्चं असं काहीतरी ताटात येणार. निखाऱ्यावर करड्या राखेचा पातळ थर आला असेल, धूर जवळपास नसेल, आणि शेगडीवरचा माणूस बाटलीच्या भोक पाडलेल्या झाकणातून मधूनच पाण्याचा शिपका मारत असेल, तर निश्चिंत बसा. चरबी वितळून ठिबकते, ज्वाळा उठते, शिपका मारला की ती बसते, सळई एक चतुर्थांश फिरते. चांगला भाजणारा सळई फिरवण्यापलीकडे फारसं काही करताना दिसतच नाही. मांसाला टोचत नाही, दाबत नाही.

शेगडी थंड असेल तरी बिघडत नाही. उलट विचारा, पेटवणार आहात का? हो म्हणाले तर लाकूड जळून निखारे पडेपर्यंत वाट बघायची तयारी ठेवा. नाही म्हणाले तर म्त्सवादी मागवू नका, ती तव्यावर परतून येईल.

तिसरी पायरी: कुठलं मांस ते आधी विचारा

आपल्या लोकांसाठी ही सर्वांत महत्त्वाची पायरी, आणि सर्वांत जास्त वेळा राहून जाणारी. जॉर्जियात नुसतं मांस म्हटलं तर ते डुकराचं, गाईचं किंवा दोन्हींचं मिश्रण असण्याची शक्यता जास्त. खिंकालीत बहुतेक वेळा दोन्हींचा खिमा एकत्र असतो. कुब्दारीतही तसंच. काही खायचं नसेल तर ऑर्डरच्या आधी स्पष्ट विचारायला हवं. फोटो बघून काहीच कळत नाही.

हे शब्द फोनमध्ये लिहून ठेवा: घोरी म्हणजे डुक्कर, साकोन्लिस खोर्त्सी म्हणजे गोमांस, ख्बो म्हणजे वासरू, त्सख्वारी म्हणजे मेंढी, कातामी म्हणजे कोंबडी, काल्माखी म्हणजे ट्राउट मासा. मेन्यूत ते घोरिस, ख्बोस, त्सख्वरिस, कात्मिस असे षष्ठीत येतात, म्हणजे घोरिस म्त्सवादी ही डुकराची, कात्मिस म्त्सवादी ही कोंबडीची. तरुण वेटरना इंग्रजी येतं, वयस्कर माणसांशी रशियन चालतं, आणि काहीच चाललं नाही तर मोबाइलवर जनावराचं चित्र दाखवा. कोणाला त्याचं वाईट वाटत नाही.

डुक्कर चालत असेल तर मानेचा भाग मागा. किसेरी म्हणतात. त्यात मांसाच्या आत चरबीच्या रेघा असतात, त्यामुळे तो निखाऱ्यावर सुकत नाही. बरगड्यांना नेक्नी. वासराचं मांस ऐकायला उंची वाटतं, पण चरबी कमी असल्याने सामान्य हातात ते वातड होतं. मेंढीचं मांस मिळालं तर डोंगरात अवश्य घ्यावं, मात्र ते रोज असेलच असं नाही. नदीकाठच्या अनेक ठिकाणी ट्राउट पाळलेले असतात. मांस नको असलेल्या पण मासा चालणाऱ्यांना त्याच शेगडीवरचा हा पर्याय फार चांगला.

तुशेतीचा अपवाद सांगायलाच हवा. तिथे डुकराचं मांस परंपरेने निषिद्ध आहे. खायचं तर नाहीच, सोबत घेऊनही जायचं नाही. आबानो खिंडीतून, म्हणजे २,८०० मीटरच्याही वरून, तिथल्या ओमालो गावाला जाणारा रस्ता साधारण जून ते ऑक्टोबर एवढाच उघडा असतो. त्या प्रवासात शिदोरीत हॅमचं सँडविच नको. यजमान तोंडावर काही बोलणार नाहीत, पण त्यांना ते लागतं.

चौथी पायरी: दोन फेऱ्यांत मागवा

इथे सूप, मग मुख्य जेवण, मग गोड असा क्रम स्वयंपाकघर पाळत नाही. जे तयार होईल ते येतं, टेबलाच्या मधोमध ठेवलं जातं आणि सगळे त्यातून वाढून घेतात. म्हणून क्रम लावायचं काम तुमचं.

बसल्याबसल्या म्त्सवादी किंवा खिंकाली सांगा, कारण वेळ त्यांनाच लागतो. सोबत फक्त काकडी-टोमॅटोचं सॅलड, लोणची आणि पाव. पावाला पुरी म्हणतात आणि त्याचे पैसे वेगळे लागतात. तोने नावाच्या मातीच्या भट्टीच्या भिंतीला चिकटवून भाजलेला लांबट शोती पाव गरम असेल तर हात आवरणं कठीण जातं, पण आवरा.

पहिली फेरी संपत आली की मग ठरवा. अजून भूक असेल तर एक खाचापुरी तीन-चार जणांत पुरते. इमेरुली म्हणजे गोल, चीज आत. मेग्रुली म्हणजे चीज आत आणि वरही. होडीच्या आकाराची, अंडं आणि लोणी घातलेली आजारुली समुद्राकाठच्या आजाराची आहे. ती शहरात किंवा बातुमीला खावी.

चार जणांसाठी माझा ठोकताळा असा: दोन प्रकारची मिळून वीस खिंकाली किंवा तीन पोर्शन म्त्सवादी (दोन्ही नकोत, आणि दोन्ही हवीच असतील तर निम्मी-निम्मी), एक लोबिओ, एक सॅलड, एक त्केमाली ही आंबट चटणी. यावर पोट भरलं नाही तर आणखी मागवता येतं. मेन्यूत पदार्थापुढे ग्रॅममध्ये वजन लिहिलेलं असतं ते बघा. काही ठिकाणी म्त्सवादी पोर्शनवर असते, काही ठिकाणी सळईवर. हा खुलासा आधी झालेला बरा.

लोबिओ म्हणजे मातीच्या भांड्यात शिजवलेला राजमा, कोथिंबीर आणि मसाले घातलेला. तो लगेच येतो, कारण सकाळपासून शिजवून ठेवलेला असतो. उंचीवर दुसरा इलाजही नाही. स्तेपान्त्समिंदाच्या उंचीवर पाणी सुमारे ९४ अंशालाच उकळतं, त्यामुळे कडधान्य शिजायला जास्त वेळ घेतं. त्याच्यासोबत म्चादी हा मक्याचा जाड, कोरडा पाव घ्या. कोरडा लागतो तो लोबिओत बुडवून खाण्यासाठीच.

पाचवी पायरी: खिंकाली हातानेच

पिठाची पारी, मध्ये कच्चा खिमा, कांदा, मिरी आणि थोडं पाणी, मग कडेला चुण्या घालत वर गाठ. उकडीच्या मोदकाला कळ्या पाडताना बघितलं असेल त्याला हे काम नवीन वाटणार नाही, फक्त इथे पारी गव्हाची असते आणि वाफेऐवजी उकळत्या खारट पाण्यात सोडतात. चांगल्या हाताची खूण म्हणून १९ चुण्या असाव्यात असं सांगितलं जातं. मोजत बसू नका, पण चुण्या बारीक आणि सारख्या असतील तर त्या मशीनच्या नाहीत एवढं बहुतेक वेळा कळतं.

मागवताना दोन नावं कानावर पडतील. कालाकुरी, म्हणजे शहरी, त्यात कोथिंबीर वगैरे हिरवा पाला असतो. म्तिउलुरी किंवा खेवसुरुली, म्हणजे डोंगरी, त्यात पाला नाही. मांसाची चव, कांदा, मिरी, क्वचित जिरं. डोंगरात आलात तर डोंगरी घ्या. मांसाशिवाय बटाटा, मशरूम आणि चीज यांचीही असतात. एका प्रकारची किमान पाच मागवावी लागतात अशी अट बऱ्याच ठिकाणी असते.

खायची रीत अशी. ताट आलं की वरून भरपूर काळी मिरी भुरभुरवा. एक-दोन मिनिटं थांबा, कारण आतला रस्सा चटका देतो आणि जिभेची पहिल्याच घासाला वाट लागते. गाठीला धरून खिंकाली उचला, अलगद उलटी करा म्हणजे गाठ खाली हातात आणि फुगीर बाजू वर येईल. कडेला छोटासा चावा घ्या आणि त्याच भोकातून रस्सा ओढून घ्या. रस्सा संपल्यावर बाकीची दोन-तीन घासांत. काट्याने टोचलीत तर रस्सा ताटात सांडणार आणि खिंकालीत उरणार नुसती कणीक आणि खिम्याचा गोळा. शेजारच्या टेबलावरून कोणी हसलं तर तो प्रेमाचा सल्ला समजावा.

गाठ खात नाहीत. ती जाड असते, पुरती शिजत नाही, आणि ताटाच्या कडेला ठेवली की किती झाली त्याचा हिशेब राहतो. पोरं-टोरं त्यावर पैजा लावतात.

त्केमाली किंवा आंबट मलई खिंकालीवर ओतू नका. कोणी अडवणार नाही, पण आतल्या रश्श्याचा मग काही उपयोग उरत नाही.

सहावी पायरी: म्त्सवादी आल्यावर

बऱ्याच ठिकाणी मांस सळईवरून काढून एका भांड्यात चिरलेल्या कच्च्या कांद्यात टाकतात, झाकण ठेवून हलवतात, मग वाढतात. मांसाच्या उष्णतेने कांदा अर्धवट मऊ होतो आणि त्याच्या रसाने मांस ओलसर राहतं. वर डाळिंबाचे दाणे असले तर शिजवणाऱ्याला आवड आहे असं समजावं. तो कांदा बाजूला सारू नका. मांसाच्या प्रत्येक तुकड्याबरोबर थोडा खायचा असतो.

त्केमाली म्हणजे आंबट आलुबुखाऱ्याची चटणी. हिरवी जास्त आंबट, लाल जरा गोडसर. चरबीच्या मांसाला हिरवी बरी. आजिका ही लाल मिरची-लसणाची तिखट चटणी, आणि आपल्या जिभेला इथे खऱ्या अर्थाने तिखट असं तेवढंच मिळतं. दोन्हींचे पैसे वेगळे लागतात, त्यामुळे आपोआप येतील म्हणून वाट बघत बसू नका.

डुकराचं मांस आतून पूर्ण शिजलेलं असायलाच हवं. सर्वांत जाड तुकडा कापून बघा. रस स्वच्छ असेल तर ठीक, गुलाबी असेल तर निःसंकोच परत पाठवा. दोन मिनिटांत पुन्हा निखाऱ्यावरून येतं, कोणी तोंड वाकडं करत नाही.

कबाबी हा वेगळा प्रकार. खिमा सळईवर थापून भाजलेला, लवाश या पातळ रोटीत गुंडाळलेला, वर कांदा आणि बार्बेरी किंवा सुमाकची आंबट पूड. मुलांना म्त्सवादीपेक्षा तो सोपा जातो.

सातवी पायरी: त्या-त्या भागाचं ते तिथेच

स्वानेतीत, म्हणजे मेस्तिया आणि उश्गुलीच्या भागात, जुने दगडी मनोरे बघायला लोक जातात. अप्पर स्वानेती १९९६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथे म्त्सवादीपेक्षा कुब्दारी मागवा. हा मांस भरलेला गोल पाव असतो आणि त्यातलं मांस खिमा केलेलं नसून सुरीने बारीक चिरलेलं असावं लागतं. चावताना तुकडे जाणवले पाहिजेत. त्याला चव येते ती स्वानूरी मारिली या मिठामुळे: मीठ, लसूण, धणे, निळी मेथी, रानटी शहाजिरं, लाल मिरची आणि झेंडूच्या वाळवलेल्या पाकळ्या. हे मीठ घरोघरी वेगळं असतं. गेस्टहाउसच्या मालकिणीकडे घरचं विकत मिळतं का विचारा, बाजारातल्या पाकिटांपेक्षा त्याचा वास कितीतरी ताजा.

ताश्मिजाबी हा घोटलेल्या बटाट्यात चीज घालून केलेला प्रकार. चमच्याने उचलला की तार सुटते. गरम असतानाच खावा, थंड झाला की त्याचं रबर होतं. च्विश्तारी म्हणजे चीज घातलेला मक्याचा पाव. शाकाहारी माणसाचं स्वानेतीत या दोन्हींवर छान भागतं.

तुशेतीत गुडा चीज खाऊन बघा. मेंढीच्या कातड्याच्या पिशवीत मुरवलेलं, वासाला उग्र, चवीला खारट. सगळ्यांना आवडेल असं मी म्हणणार नाही. राचातली श्क्मेरुली मात्र बहुतेकांना आवडते: कोंबडी आधी भाजून मग लसूण घातलेल्या दुधाच्या रश्श्यात. लसणाचं प्रमाण थरारक असतं. आता ती देशभर मिळते.

शाकाहारी मंडळींसाठी वेगळं सांगायचं ते

एक शब्द पाठ करा: सामार्ख्वो. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती उपवासाचं जेवण. त्यात मांस, दूध, अंडी यातलं काही चालत नाही. बुधवार-शुक्रवार, ईस्टरच्या आधीचे आठवडे आणि ७ जानेवारीच्या नाताळाआधीचे ४० दिवस हे उपवास पाळले जातात, त्यामुळे अगदी खेड्यातल्या स्वयंपाक्यालाही हा प्रकार नीट कळतो. शाकाहारी आहे असं समजावत बसण्यापेक्षा सामार्ख्वो काय आहे, असं विचारलेलं लवकर पोचतं. फक्त उपवासाच्या काही दिवशी मासा चालतो, तेवढं वेगळं विचारा.

मग काय मिळतं? लोबिओ, बद्रिजानी निगव्झित (तळलेल्या वांग्याच्या कापांत अक्रोडाचं वाटण), फ्खाली (पालक किंवा बीट वाटून अक्रोडासह), अजाप्संदाली (वांगी, टोमॅटो, ढोबळी मिरचीची भाजी), लोबिआनी (राजमा भरलेला पाव), मशरूम किंवा बटाट्याची खिंकाली. लोबिआनीत राचाकडे डुकराचं मांस घालतात, तिथे विचारून घ्या. मातीच्या तव्यातलं सोको केत्सझे, म्हणजे मशरूम, उत्तम असतं, पण त्यात लोणी किंवा चीज असतं.

काटेकोर पाळणाऱ्यांनी आणखी तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. बटाट्याची आणि मांसाची खिंकाली बहुधा एकाच पातेल्यातल्या पाण्यात उकळतात. खाचापुरीच्या सारणात किंवा वरून अंडं लावलेलं असू शकतं. आणि गावठी चीज घट्ट करायला परंपरेने वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. कांदा-लसूण न खाणाऱ्यांची मात्र पंचाईतच, कारण अक्रोडाच्या वाटणातही लसूण असतो. त्यांनी साधं काकडी-टोमॅटो, पाव, मात्सोनी हे दही आणि मध यांवर भागवावं, आणि गेस्टहाउसमध्ये आधी सांगून वेगळी भाजी करून घ्यावी.

आठवी पायरी: पेल्याचं

घरची वाइन जगमधून किंवा लिटरवर मिळते. जमिनीत पुरलेल्या क्वेव्री या मातीच्या रांजणात वाइन करण्याची पद्धत युनेस्कोने २०१३ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून नोंदवली. पांढऱ्या द्राक्षांची अशी वाइन रंगाला अंबरासारखी दिसते आणि जिभेला तुरट लागते. ती भाजलेल्या मांसाबरोबर शोभते. खिंकालीबरोबर लोक बिअर घेतात.

चाचा ही द्राक्षाच्या चोथ्यापासून काढलेली कडक दारू, घरगुती असेल तर फारच कडक. उंचीवर थकलेल्या अंगाने रिकाम्या पोटी घेऊ नये. गाडी चालवणाऱ्याने यातलं काहीच घेऊ नये, खिंडीचा रस्ता गमतीचा नाही. त्याच्यासाठी हिरवंगार तारखुना सरबत, बोर्जोमीचं खनिज पाणी किंवा फळांचं कोम्पोती आहे.

शेजारी मोठं टेबल असेल आणि एक जण उभा राहून बोलतो आहे, बाकीचे ऐकताहेत, तर ती सुप्रा, म्हणजे मेजवानी आहे आणि बोलणारा तमादा, म्हणजे टोस्ट सांगणारा म्होरक्या. परदेशी पाहुणा दिसला की तिकडून वाइनचा जग येण्याची बरीच शक्यता. तो नाकारू नका. पीत नसाल तर छातीवर हात ठेवून मान झुकवा आणि सरबताचा पेला उचला, चालतं. पीत असाल तर मधेच घोट घेऊ नका, टोस्ट झाल्यावर घ्या. गाउमार्जोस, म्हणजे चिअर्स, म्हणा. तुमची पाळी आली तर लांबण लावू नका, पण फार त्रोटकही नको: यजमानांचं घर, त्यांचे आईवडील, त्यांचा देश, एवढं पुरतं. दिवंगतांसाठीचा टोस्ट असेल तेव्हा आवाज उतरतो, लोक उभे राहतात, तुम्हीही उभे राहा आणि त्या वेळी फोटो काढू नका.

टेबलाखाली कुत्रं येऊन बसेल. कानात प्लॅस्टिकचा बिल्ला असेल तर त्याची नसबंदी आणि लसीकरण झालेलं असतं. हाडं त्याला मिळतीलच, तुम्ही द्या न द्या.

बिल आणि उरलेलं

बिलाला अंगारिशी म्हणतात. हवेत लिहिल्याची खूण केली तरी कळतं. मागितल्याशिवाय ते येत नाही, त्यामुळे पुढे बस गाठायची असेल तर शेवटचा घास घेतानाच मागा. तपासायच्या जागा ठरलेल्या: पाव किती लावले, चटण्या किती, आणि खाली मोमसाखुरेबा म्हणजे सेवाशुल्क आहे का. सेवाशुल्क लावलं असेल तर वेगळी टीप द्यायची गरज नाही. नसेल तर आवडल्याप्रमाणे काही लारी (इथलं चलन) टेबलावर ठेवा. कार्ड स्तेपान्त्समिंदा आणि मेस्तियात बऱ्याच ठिकाणी चालतं, पण उश्गुली आणि तुशेतीकडे जाताना रोख लारी बरोबर असायलाच हव्यात, त्याही सुट्या. बंद जागेत सिगारेट ओढायला मे २०१८ पासून कायद्याने मनाई आहे. ओढणाऱ्यांनी अंगणात जावं.

उरलेलं बांधून मागायला संकोच नको, ते सर्रास चालतं. म्त्सवादी थंड पावात घालून दुसऱ्या दिवशीच्या चढाईला न्या, थंड हवेत एवढा वेळ टिकते. खिंकाली उरली तर फेकू नका. गेस्टहाउसच्या स्वयंपाकघरात सकाळी थोड्या लोण्यावर सगळ्या बाजूंनी तळून मिळते. रस्सा तोवर कणकेत जिरलेला असतो, त्यामुळे आता काटा-सुरी वापरायला हरकत नाही.